अनुच्चारित संकेत आणि मराठी गद्य : पतीच्या उल्लेखाचा प्रश्न

१

सर्वनामांचा विचार मराठीत व्याकरणाच्या पुस्तकात सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांची रूपे विद्यार्थ्यास पाठ असतात. परंतु कोणी कोणास 'तू' म्हणावे, कोणी कोणाचे नाव तोंडाने उच्चारू नये, आणि उल्लेख अटळच झाला तर तो कोणत्या आडवाटेने करावा, हे नियम व्याकरणात सहसा सांगितलेले नसतात. तरी ते सर्वांस ठाऊक असतात, आणि त्यांचा भंग झाला की तो तत्क्षणी ध्यानात येतो. दैनंदिन व्यवहार ज्या नियमांवर चालतो त्यांतील पुष्कळसे नियम या जातीचे आहेत. ते कोणी सांगत नाही, आणि सांगावे लागलेच तर सांगणाराही संकोचतो.

समाजशास्त्राने या क्षेत्राकडे विसाव्या शतकाच्या मध्यास विशेष लक्ष दिले. अर्व्हिंग गॉफमन याने १९५६ साली आदर व वर्तन यांवरील आपल्या निबंधात आदराचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रकार टाळण्याचा : अंतर राखणे, स्पर्श न करणे, नाव न घेणे. दुसरा प्रकार अर्पण करण्याचा : नमस्कार, स्तुती, निमंत्रण, भेट. हॅरॉल्ड गार्फिंकेल याने आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी काही काळ परक्या भाडेकरूप्रमाणे वागावयास सांगितले होते. त्यांनी आईवडिलांशी औपचारिक भाषेत बोलावे, विचारल्याशिवाय बोलू नये, परवानगी मागून वस्तू घ्यावी, एवढेच त्यांना करावयाचे होते. हे वर्तन वस्तुतः सौजन्याचेच. तथापि घरची माणसे गोंधळली, चिडली, मुलगा आजारी आहे काय असे विचारू लागली. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील या प्रयोगाचे तात्पर्य असे की, अलिखित नियम अधिक नम्रतेनेही मोडतो. नम्रतेची मात्राही नियमानेच ठरलेली असते.

असे प्रयोग मराठी समाजात न करताही या नियमांचा अभ्यास करता येण्याजोगे एक साधन उपलब्ध आहे. ते साधन म्हणजे मराठी गद्य. बोलणारा नियम पाळून निघून जातो. लिहिणाऱ्यास मात्र तो नियम वाक्यात बसवावा लागतो, आणि वाक्यात त्याची खूण राहते. पत्नीने पतीचे नाव घेऊ नये हा संकेत घेऊन, ही खूण काही निवडक मराठी कृतींत कशी दिसते आणि तिच्यावरून त्या कृतींच्या अर्थाविषयी काय निष्पन्न होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

या विषयाची चर्चा रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांच्या १९६० सालच्या प्रसिद्ध निबंधापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. युरोपीय भाषांतील एकवचनी व आदरार्थी सर्वनामांचा इतिहास पाहून त्यांनी दोन तत्त्वे मांडली : सत्ता आणि समानभाव. सत्तेच्या संबंधात सर्वनामांची देवघेव विषम असते. वरचा 'तू' म्हणतो आणि खालच्याकडून 'तुम्ही' घेतो. समानभावाच्या संबंधात ती सम असते. दोघे एकमेकांस 'तू' म्हणतात किंवा दोघे एकमेकांस 'तुम्ही' म्हणतात. काळाच्या ओघात दुसरे तत्त्व पहिल्यावर मात करते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही मांडणी मराठीस काही अंशी लागू पडते. जुन्या पांढरपेशा घरातील पतिपत्नींचे संबोधन हे विषम देवघेवीचे नमुनेदार उदाहरण आहे. पती 'अगं' म्हणून 'तू'ने बोलतो. पत्नी 'अहो' म्हणून 'तुम्ही'ने उत्तर देते. परंतु थोडे पुढे जाताच अडचणी उभ्या राहतात. त्याच घरात वडिलांस 'अहो बाबा' म्हणणारा मुलगा आईस 'अगं आई' म्हणतो. हा आईच्या सत्तेचा अभाव मानावा, की निकटतेचा पुरावा? दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांची फारकत करता येत नाही. देवासही मराठी माणूस 'तू'च म्हणतो. तेथे सत्तेची कमतरता आहे असे कोणी म्हणणार नाही. शिवाय अनेक ग्रामीण बोलींत बापासही एकवचनी हाक ऐकू येते, आणि तिने आदर उणावत नाही. म्हणजे 'तू' हे रूप कोणत्या घरातून व कोणत्या बोलीतून आले हे कळल्याशिवाय त्याचे मूल्य ठरत नाही.

दुसरी अडचण नात्याच्या शब्दांची. अनोळखी माणसास 'काका', 'मावशी', 'दादा', 'ताई' म्हणण्याची मराठी रीत सर्वनामाच्या पेचातून सुटण्याची वाट देते. घरकामास येणाऱ्या बाईस 'मावशी' म्हणताना वयाचा मान राखला जातो आणि वेतनाचा संबंध झाकला जातो. सत्ता व समानभाव ही दोन तत्त्वे येथे परस्परविरोधी नसून एक दुसऱ्याचे आवरण झालेले आहे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. ब्राउन व गिलमन यांचा विचार संबोधनापुरता, म्हणजे समोर असलेल्या व्यक्तीस काय म्हणावे एवढ्यापुरता होता. मराठीतील पतीविषयक संकेत हा संबोधनाइतकाच उल्लेखाचा आहे. पती समोर नसतानाही त्याचे नाव घ्यावयाचे नसते. नाव घेतल्याने त्याचे आयुष्य घटते अशी समजूत या नियमाच्या पाठीशी सांगितली जाई. म्हणजे नियमाचा भंग हा निव्वळ अविनय न राहता अनिष्ट ठरे. गॉफमनच्या परिभाषेत हा टाळण्याचा विधी होय. आणि त्याच समाजाने त्याला जोडून अर्पणाचा विधीही निर्माण केला : लग्नात, मंगळागौरीस, डोहाळजेवणात उखाण्यातून नाव घेणे. एरवी वर्ज्य असलेले नाव पद्याच्या वेष्टनात, चारचौघींच्या आग्रहावरून आणि लाजत घेतले की ते मंगल ठरते. निषेध आणि त्याचा अपवाद हे दोन्ही एकाच नियमाचे भाग आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यांचा विवाह १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आसपास होत्या. रानड्यांचे वय तिशीच्या पुढे गेले होते. १९०१ साली रानडे निवर्तले. म्हणजे हे पुस्तक एका विधवेने आपल्या पतीविषयी लिहिलेले आहे, आणि ते लिहिताना तिच्यापुढे अगदी प्रारंभीच एक गद्यविषयक अडचण होती. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही तोच ग्रंथाचा विषय होता.

रमाबाईंनी काढलेला मार्ग सर्वपरिचित आहे. त्या पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. कॅथरिन व्हॅन एकिन गेट्स यांनी १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा या एका शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द हेच त्यांनी पुस्तकाचे नाव ठेवले. मराठी वाचकास जे अंगवळणी पडल्यामुळे दिसत नाही ते परभाषेतील अनुवादिकेस प्रथम दिसले, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगाचे वर्णन सामान्यतः 'विनय' या एका शब्दात उरकले जाते. ते अपुरे आहे. 'स्वतः' हे आत्मवाचक पद आहे. त्याला वाक्यात कोणीतरी आधार लागतो. 'रामाने स्वतः पाणी आणले' या वाक्यात 'स्वतः' कोण हे 'राम' या पदाने कळते. रमाबाईंच्या गद्यात हा आधार वाक्याबाहेर, किंबहुना पुस्तकाबाहेर आहे. 'स्वतः' म्हणजे कोण हे वाचकाने आधीच जाणलेले आहे असे गृहीत धरूनच वाक्य पुढे जाते. घरात हे शक्य असते, कारण तेथे सर्व माणसे एका केंद्राभोवती वावरतात आणि ते केंद्र कोण हे विचारण्याचे कारण नसते. रमाबाईंनी घराचे हे व्याकरण छापील ग्रंथात आणले आणि अनोळखी वाचकास त्या घरातील माणूस केले. नियम पाळण्यातून घडलेली ही गद्याची एक विशिष्ट रचना आहे.

याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. आत्मचरित्रात 'स्वतः' हे पद स्वभावतः लेखकाचे असते. या पुस्तकात ते पतीस देऊन टाकल्यावर लेखिकेस स्वतःविषयी बोलण्यास 'मी' एवढेच उरते. आणि पुस्तकाच्या नावातील 'आमच्या' हे पद त्या 'मी'स एकटे उभे राहू देत नाही. तरीही या 'मी'ने सांगितलेली हकिकत मोठी आहे. रात्री पतीकडून अक्षरे शिकावयाची आणि दिवसा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसावयाचे, हा तिच्या तारुण्याचा क्रम होता. येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. शिकण्याची आज्ञा पतीची, म्हणून ती मोडता येत नाही. न शिकण्याची अपेक्षा सासरच्या स्त्रियांची, तीही झुगारता येत नाही. दोन्ही नियम एकाच आज्ञाधारकतेतून आलेले आहेत, आणि त्या दोहोंच्या संघर्षातून तिला वाट काढावी लागते. ज्या आज्ञाधारकतेने 'स्वतः' हा शब्द दिला त्याच आज्ञाधारकतेने लेखणीही दिली. म्हणून या पुस्तकाविषयी 'दास्य' एवढेच म्हणणारी आधुनिक टीका आणि 'आदर्श पातिव्रत्य' एवढेच म्हणणारी जुनी प्रशंसा या दोन्ही एकाच चुकीच्या दोन बाजू ठरतात. दोघींनीही नियम पाहिला. त्या नियमाच्या आत राहून लेखिकेने केलेले काम पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट. रूढीप्रमाणे विधवेस उखाण्याचा प्रसंग उरत नसे. हळदीकुंकवाच्या मेळ्यातून तिला वगळले जाई. नाव घेण्याचा जो एक मंगल अपवाद समाजाने स्त्रीस दिला होता तोही तिच्यापुरता बंद होई. अशा अवस्थेत लिहिलेले हे पुस्तक म्हणजे नावाचा उच्चार न करता केलेले एक दीर्घ नामग्रहणच होय.

४

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. रमाबाईंच्या पुस्तकाहून ती पाव शतकाने नंतरची, तरी लेखिका जवळजवळ त्याच पिढीची आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. त्यांचे माहेर कडक सोवळ्याचे होते. धान्य, मीठ यांसारख्या वस्तूही धुऊन घेणाऱ्या वडिलांचे चित्र त्यांनी रंगवले आहे, ते मराठी वाचक विसरत नाही. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली.

लक्ष्मीबाई पतीस 'टिळक' म्हणतात. निषेध येथेही पाळला गेला आहे. व्यक्तिनाम उच्चारलेले नाही, आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनीच आहे. परंतु वाक्याची घडण पालटली आहे. आडनाव हे सार्वजनिक नाव असते; ते कचेरीत, वर्तमानपत्रात, सभेत चालते. 'टिळक' म्हणताना पत्नी पतीकडे घराबाहेरच्या माणसाप्रमाणे पाहू शकते. त्यामुळे 'टिळक' हे वाक्याचे पूर्ण कर्तृपद होते. टिळक रागावतात, घरातील वस्तू कोणासही देऊन टाकतात, न सांगता निघून जातात, पश्चात्ताप पावतात. 'स्वतः'विषयी हसता येत नाही, कारण केंद्राकडे पाहण्यास केंद्राबाहेरची जागा लागते. 'टिळकां'विषयी हसता येते, आणि लक्ष्मीबाई मनमुराद हसतात. 'स्मृतिचित्रे'तील विनोदाचे श्रेय लेखिकेच्या स्वभावास दिले जाते ते योग्यच आहे. परंतु त्या स्वभावास वाव देणारी वाक्यरचना या एका आडनावाने शक्य केली, हेही नोंदले पाहिजे. शिवाय ते आडनाव तिचेही होते. पतीस 'टिळक' म्हणणारी स्त्री आपणही टिळक आहोत हे विसरत नाही.

धर्मांतराचा येथे संबंध पोहोचतो. सोवळ्याचा नियम लक्ष्मीबाईंनी एका दिवसात टाकला नाही. पतीच्या धर्मांतरानंतर बराच काळ तो त्यांच्या मनात व अन्नव्यवहारात टिकून होता. जो नियम अंगात मुरलेला आहे तो मताने बदलत नाही, सवयीच्या कष्टानेच बदलतो, याचे मराठीतील सर्वांत सविस्तर वर्णन या ग्रंथात आहे. असा नियम टाकताना माणूस त्याकडे प्रथमच पाहू लागतो. लक्ष्मीबाईंची तटस्थ दृष्टी या पाहण्यातून आलेली दिसते.

५

रंगभूमीवर हाच संकेत निराळ्या रूपाने येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्याच्या आरंभीच्या नाटक-कादंबऱ्यांतील कुलीन नायिका पतीविषयी 'इकडून', 'इकडे' असे स्थलवाचक शब्द योजते. 'इकडून येणे झाले', 'इकडचे जेवण व्हायचे आहे' अशा रचनांत कर्ता नाहीसा होतो. व्यक्तीच्या जागी दिशा येते आणि कृतीच्या जागी घटना येते. पतीने काही केले असे वाक्य म्हणतच नाही. काहीतरी झाले एवढेच म्हणते.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही या भाषेची परमावधी होय. मद्यपी सुधाकराच्या हातून घडलेल्या अत्याचाराने ती मरणोन्मुख होते, आणि चौकशीच्या वेळी पतीवर दोष येऊ नये अशीच हकिकत सांगते. या प्रसंगावर टीकाकारांनी पातिव्रत्याच्या अतिरेकाच्या दृष्टीने पुष्कळ लिहिले आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास सिंधूची शेवटची जबानी ही तिच्या रोजच्या वाक्यरचनेचीच परिणती आहे. जिच्या भाषेत पती हा कधी कर्ता नव्हता तिच्या जबानीत तो अपराधाचाही कर्ता होऊ शकत नाही. घरात आदर दाखवणारे कर्तृलोपाचे व्याकरण न्यायासमोर आल्यावर अपराध झाकणारे ठरते. गडकऱ्यांस हा निष्कर्ष अभिप्रेत होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या भाषेच्या काटेकोरपणामुळे तो नाटकात उतरला, एवढे म्हणणे पुरेसे आहे. ही भूमिका बालगंधर्वांनी केली, म्हणजे स्त्रीने कसे बोलावे याचा आदर्श प्रेक्षकांतील स्त्रियांपुढे एका पुरुष नटाने ठेवला, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

६

येथवरची उदाहरणे पांढरपेशा समाजातील आहेत, आणि 'अनुच्चारित नियम' ही कल्पनाही त्याच समाजाच्या अनुभवावर बेतलेली आहे. तिची मर्यादा बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनाने उघड होते. वरच्या जातीचा माणूस वाटेत दिसताच महार स्त्रियांनी बाजूस व्हावे, पाया पडत असल्याचे शब्द उच्चारावेत, हा नियम त्यात वर्णिला आहे. नव्याने आलेली एखादी कोवळी सून हे विसरली, तर तो माणूस वस्तीवर येऊन संताप करी आणि वडीलधाऱ्यांस तिच्या वतीने क्षमा मागावी लागे. म्हणजे येथे नियम मुका नाही. तो शिकवला जातो, आठवून दिला जातो, मोडल्यास जाहीर शिक्षा होते. ज्याला वंदन मिळते त्याच्या दृष्टीने मात्र तो मुकाच असतो. त्याला तो नियम वाटतही नाही, जगाची स्वाभाविक रीत वाटते. नियम अनुच्चारित असणे हा नियमाचा गुण नसून पाहणाऱ्याच्या स्थानाचा परिणाम आहे, हे या एका प्रसंगाने सिद्ध होते.

नावाच्या व्यवहारातही हेच दिसते. पतीचे नाव अतिउच्च म्हणून उच्चारावयाचे नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव मोडून, तुच्छतादर्शक करून उच्चारावयाचे. एकाच समाजात नावाला दिलेली ही दोन टोकाची वागणूक आहे, आणि बेबी कांबळे यांच्यासारख्या स्त्रीवर दोन्ही टोकांचा भार पडे. आपले लिखाण त्यांनी घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले होते, ही गोष्ट त्यांनी मुलाखतीत सांगितली आहे. रमाबाईंना लेखणी पतीच्या आज्ञेने मिळाली. बेबीताईंना ती पतीपासून लपवावी लागली. दोन ग्रंथांतील अंतर केवळ पाऊणशे वर्षांचे नाही.

असे नियम बदलतात कसे, या प्रश्नाचे उत्तरही या परंपरेत सापडते. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे भाषण केले आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची ठेवण व दागिने टाकून देण्यास सांगितले. जे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते पण कोणी बोलत नव्हते, ते त्यांनी शब्दांत मांडले. पुढे 'जोहार' जाऊन 'जय भीम' आले. 'जोहार'चे उत्तर 'जोहार'ने मिळत नसे. 'जय भीम'चे उत्तर 'जय भीम' हेच असते. ब्राउन व गिलमन यांचे सम देवघेवीचे तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते. परंतु त्यांनी ज्या स्थित्यंतराचे वर्णन काळाच्या ओघातील घडामोड म्हणून केले ते येथे आपोआप घडलेले नाही. ते चळवळीने, नियमाचा मोठ्याने उच्चार करून घडवले आहे.

७

वरील विवेचनावरून साहित्याच्या अभ्यासकास तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. पहिली, जुन्या गद्याच्या नव्या आवृत्त्या व अनुवाद करताना 'स्वतः', 'इकडून', 'टिळक' यांसारख्या उल्लेखांच्या जागी सोयीचे पद घालण्याचा मोह टाळला पाहिजे. 'स्वतः'च्या जागी 'माझे पती' असे घातल्यास अर्थ सुलभ होतो आणि पुरावा नष्ट होतो. दुसरी, लेखकाच्या शैलीचा विचार करताना त्याला कोणती वाक्ये लिहिता येत नव्हती हे आधी पाहिले पाहिजे. जे लिहिले त्याचे मोल त्यावरूनच ठरते. तिसरी, कोणताही संकेत 'अलिखित' म्हणून नोंदवताना तो कोणाच्या दृष्टीने अलिखित आहे, हे विचारले पाहिजे.

आज शहरातील पुष्कळ सुशिक्षित घरांत पत्नी पतीस नावाने व 'तू'ने हाक मारते. मुले वडिलांस 'अरे बाबा' म्हणतात. यावरून सत्तेचा प्रश्न सुटला असे मानणे घाईचे होईल. तीच पत्नी सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर 'अहो'वर येते, आणि हा पालट कोणी तिला सांगितलेला नसतो. जुना नियम गेला असे म्हणण्यापेक्षा तो कोठे, कोणासमोर व किती वेळ पाळावयाचा याचा नवा नियम आला आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. त्या नव्या नियमाच्या खुणाही आजच्या गद्यात उमटत असल्या पाहिजेत. रमाबाईंच्या 'स्वतः'कडे ज्या बारकाईने पाहिले पाहिजे त्याच बारकाईने आजच्या कादंबरीतील आणि आत्मकथनातील 'तू'कडे पाहणे, हे पुढील अभ्यासाचे काम होय.